मास्तर, मेस्त्री आणि मॅजिस्ट्रेट

वाचावयाचे भाग : प्रेषितांचीं कृत्यें १६:१६–४०, मत्तय २३:१–१२, रोमकरांस पत्र १३:१–७.

घाटाखालच्या एका लहान मंडळीच्या प्रचारकबंधूंनीं आम्हांस पत्र धाडिलें आहे. त्यांच्या वस्तींतील दोन घरांमध्यें बांधावरून भांडण झालें, व थोड्याच दिवसांनीं दोन्ही घरांतील कर्त्या पुरुषांस तहसील कचेरींतून कागद आला. कागदाखालीं 'तालुका कार्यकारी दंडाधिकारी' अशी सही होती, आणि कागद आणणाऱ्या शिपायानें 'मॅजिस्ट्रेटनें बोलावलें आहे' असें तोंडीं सांगितलें. तो शब्द कानीं पडतांच एका घरची म्हातारी रडूं लागली. दुसऱ्या घरचा तरुण मुलगा रातोरात पुण्यास निघून गेला. प्रचारकबंधु विचारतात कीं, मॅजिस्ट्रेट म्हणजे नेमका कोण? तुरुंगांत घालणारा, कीं न्याय करणारा? आणि पौलास व सीलास ज्यांनीं फटके मारविले ते फिलिप्पै येथील अधिकारी, ते हेच काय?

या तिन्ही प्रश्नांचें उत्तर देतां येईल, परंतु आम्ही आरंभ शब्दापासूनच करितों. कारण हा शब्द आमच्या वाचकांना वाटतो तितका परका नाहीं. ज्या वस्तींत तो ऐकून म्हातारी रडली, त्याच वस्तींत त्या शब्दाचीं दोन भावंडें रोज सकाळीं अंगणांतून जातात, व त्यांस कोणीही भीत नाहीं.

रोमी लोकांची भाषा लॅटिन. तींत 'मागिस' म्हणजे अधिक, आणि 'मिनुस' म्हणजे उणें. हा दुसरा शब्द शाळेंत जाणाऱ्या आपल्या मुलांस ठाऊक आहे. गणितांत वजाबाकीच्या आडव्या रेघेला तीं 'मायनस' म्हणतात, तोच हा. 'मागिस' यापासून 'मागिस्तेर' झाला : जो इतरांहून अधिक, म्हणजे धनी, मुख्य, शिक्षक. 'मिनुस' यापासून 'मिनिस्तेर' झाला : जो उणा, म्हणजे चाकर, पंगतींत वाढणारा, हुकूम झेलणारा. दोन्ही शब्द एकाच सांच्यांतून निघाले, एक चढता व एक उतरता. विद्वान् लोक असेंही सांगतात कीं, 'मागिस' या शब्दाचें मूळ आणि आपल्या 'महान्', 'महाराज' या शब्दांतील 'मह' याचें मूळ एकच आहे. येथें एक सूचना करणें बरें. आपल्या 'अधिकारी' या शब्दांत 'अधिक' हा शब्द दडला आहे असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं, 'अधि' म्हणजे वर, हें दोहोंत समान आहे इतकेंच.

'मागिस्तेर' यापासून रोमी लोकांनीं 'मागिस्त्रातुस' असा शब्द केला. त्याचे अर्थ दोन : लोकांनीं निवडून दिलेलें अधिकारपद, आणि त्या पदावर बसलेला मनुष्य. रोम शहरांत राजे होते ते काढून टाकल्यावर जें लोकराज्य झालें, त्यांत हे मागिस्त्रातुस कारभार पाहत. सर्वांत वरचे दोन 'कॉन्सुल' असत. दोघे कां? एकानें अन्याय आरंभिला तर दुसऱ्यानें त्यास अडवावें म्हणून. पदाची मुदत एक वर्ष. पगार नाहीं; पदालाच ते 'मान' असें म्हणत. आणि मुदत संपली म्हणजे त्या मनुष्यावर फिर्याद करण्यास लोक मोकळे. मोठें संकट आल्यास सहा महिन्यांपुरता एकच अधिकारी नेमीत. त्याच्या हाताखालच्या सरदारास 'घोडेस्वारांचा मागिस्तेर' असें नांव होतें. ही व्यवस्था निर्दोष होती असें नाहीं. श्रीमंत घराण्यांतच ही पदें बहुतेक फिरत राहत, व अखेर ख्रिस्तपूर्व ४४ सालीं यूलियस कैसर यानें तो सहा महिन्यांचा अधिकार तहाहयात आपल्याकडे घेतला. पदांचीं नांवें मात्र पुढेंही शेंकडों वर्षें तशींच चालत राहिलीं.

या अधिकाऱ्यांपुढें 'लिक्तोर' नांवाचे शिपाई चालत. आपल्याकडे संस्थानिकांच्या पुढें चोपदार चालत तसे. परंतु चोपदाराच्या हातीं एक दंड असे, आणि लिक्तोराच्या खांद्यावर छड्यांची चामड्याच्या वादीनें बांधलेली एक मोळी असे. कॉन्सुलापुढें असे बारा जण चालत. शहराबाहेर त्या मोळींत कुऱ्हाडही खोंवलेली असे. छड्या फटके मारण्यासाठीं व कुऱ्हाड शिरच्छेदासाठीं. परंतु रोम शहराच्या हद्दींत शिरतांना कुऱ्हाड काढून ठेवीत. कारण शहरांतील नागरिकास मरणाच्या शिक्षेवर लोकांपुढें दाद मागण्याचा हक्क होता. मराठींत मॅजिस्ट्रेटास 'दंडाधिकारी' हें नांव ज्यांनीं दिलें, त्यांच्या मनांत लिक्तोराची ही मोळी असेल असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्या शास्त्रकारांचा 'दंड' हा शब्द त्यांजपुढें होता. तरी दोन दूरच्या देशांनीं अधिकार म्हटला म्हणजे काठीच आठवावी, हें पाहून मनुष्यस्वभावाविषयीं कांहीं तरी कळतें. त्याच मोळीचें लॅटिन नांव घेऊन इटलींत मुसोलिनीनें १९१९ सालीं आपला पक्ष उभारण्यास आरंभ केला, आणि कुऱ्हाड पुनः मोळींत घातली.

आतां फिलिप्पैकडे वळूं. हें गांव मासेदोनियांत असलें तरी रोमी लोकांची वसाहत होतें. जुन्या शिपायांस जमिनी देऊन तेथें वसविलें होतें, व गांवचा कारभार रोमच्या नमुन्यावर दोन मुख्य अधिकारी चालवीत. लॅटिन शास्त्रांत त्यांस 'मागिस्त्रातुस' हाच शब्द आहे, आणि त्यांनीं सकाळीं पाठविलेल्या शिपायांस 'लिक्तोर' हाच शब्द आहे. मूळ ग्रीक भाषेंत या शिपायांचें नांव 'छड्या धरणारे' असें आहे. म्हणजे ज्या छड्या पौलाच्या व सीलाच्या पाठीवर पडल्या, त्या त्याच मोळींतल्या होत्या.

त्या दिवशीं काय झालें तें वाचकांनीं सोळाव्या अध्यायांत पुनः सावकाश वाचावें. एका दासीवर तिचे धनी पैसा मिळवीत होते. ती बरी झाली, पैसा बुडाला. परंतु चौकांत नेऊन धन्यांनीं पैशाचें नांव काढलें नाहीं. हे यहूदी आहेत, आम्हां रोमी लोकांना न शोभणाऱ्या चालीरीती शिकवितात, असा ओरडा त्यांनीं केला. जमाव त्यांच्या बाजूस झाला. अधिकाऱ्यांनीं साक्ष घेतली नाहीं, जबानी घेतली नाहीं. वस्त्रें फाडलीं आणि छड्या मारण्याचा हुकूम दिला. खोटी फिर्याद पैशाच्या पोटीं उपजते व जातीधर्माचा अंगरखा घालून कचेरींत येते, हें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे.

सकाळीं अधिकाऱ्यांनीं निरोप धाडला कीं, त्या माणसांस सोडून द्या. येथें पौलानें जें केलें तें आमच्या लोकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. तो निमूटपणें निघून गेला नाहीं. आम्ही रोमी नागरिक असतां चौकशी न करितां आम्हांस उघडपणें मारलें, आणि आतां गुपचूप घालवितां काय? त्यांनीं स्वतः यावें, असा त्यानें उलट निरोप दिला. नागरिकास चौकशीवांचून फटके मारूं नयेत असा रोमी कायदा होता. तो मोडल्याबद्दल अधिकाऱ्यांवरच फिर्याद होऊं शकत होती. म्हणून ते भ्याले, आणि स्वतः येऊन त्यांची समजूत घालूं लागले. कोणी विचारील कीं, फटके बसण्याआधींच पौलानें हें कां सांगितलें नाहीं? कदाचित् त्या गोंगाटांत कोणी ऐकलेंच नसेल. पुढें यरुशलेमांत मात्र त्याला वाद्यांनीं बांधीत असतांनाच त्यानें शताधिपतीस आपलें नागरिकत्व सांगितलें, व फटके टळले (कृत्यें २२:२५). आणि करिंथकरांस लिहितांना, आपण तीन वेळां छड्यांचा मार खाल्ला असें तो सांगतो. तेव्हां फिलिप्पैचे अधिकारी एकटेच तसे नव्हते. आमचें मत असें आहे कीं, पौल तुरुंगांतून निघतांना अडून बसला तो आपल्या मानासाठीं नव्हे. त्याच्या मागें त्या गांवांत लुदियेचें घर राहणार होतें, तुरुंगाच्या नायकाचें घर राहणार होतें. त्यांच्यावर उद्यां हात टाकतांना अधिकाऱ्यांनीं दोनदां विचार करावा, एवढें त्यानें साधलें.

रोमचें राज्य गेलें. शब्द राहिले, व देशोदेशीं त्यांचे चेहरे पालटले. फ्रान्सांत 'माजिस्त्रा' म्हणजे न्यायाधीश, परंतु सरकारी वकिलासही तोच शब्द लावितात. बसून निवाडा देणारे ते 'बसलेले' आणि उभें राहून बोलणारे ते 'उभे', असे त्यांचे दोन वर्ग मानितात. इटलींतही न्यायाधीश व सरकारी फिर्याद चालविणारे दोघेही 'माजिस्त्रातो'च. जर्मनींत मात्र हा शब्द न्यायकचेरींतून निघून नगरपालिकेंत जाऊन बसला. फ्रांकफुर्ट शहराचा कारभार पाहणाऱ्या मंडळास आजही 'माजिस्त्रात' म्हणतात. रशियांत पीटर बादशहानें अठराव्या शतकाच्या आरंभीं जर्मन चालीवर शहरांसाठीं अशींच मंडळें नेमिलीं. इंग्लंडांत मॅजिस्ट्रेट बहुधा कायद्याची परीक्षा न दिलेला गांवचाच गृहस्थ असतो. तो पगार घेत नाहीं, व सामान्यतः तिघे मिळून बसतात. ही चाल १३६१ सालच्या एका कायद्यापासून चालत आली आहे. बिनपगारीपणांत व एकट्याच्या हातीं सत्ता न देण्यांत इंग्रज हे रोमी लोकांच्या अधिक जवळ राहिले, असें म्हणावें लागतें.

मूळ 'मागिस्तेर' हा शब्द याहूनही दूर फिरला. इटलींत तो 'माएस्त्रो' झाला, फ्रान्सांत 'मेत्र' झाला (तेथें वकिलास अजून याच नांवानें हांक मारितात), जर्मनींत 'माइस्टर' झाला. फ्रान्सच्या दक्षिण भागांत उत्तरेकडून जो झोंबरा वारा सुटतो, त्यास 'मिस्त्राल' म्हणतात. सर्व वाऱ्यांचा धनी, असा त्याचा अर्थ. आणि पोर्तुगालांत तो शब्द 'मेस्त्र' झाला, व तेथून गलबतांत बसून आमच्या किनाऱ्याला लागला.

पोर्तुगीज लोक सुतार, गवंडी, गलबतें बांधणारा, अशा कोणत्याही हुन्नरांतील मुख्य कारागिरास 'मेस्त्र' म्हणत. आमच्या लोकांनीं त्याचा 'मेस्त्री' केला, हिंदुस्थानी बोलणाऱ्यांनीं 'मिस्त्री' केला. गोव्यांतील मंदिरांच्या शाळांत मुलांस अक्षरें व गायन शिकविणाराही 'मेस्त्र'च होता. तामिळ लोकांनीं 'मेस्तिरी' म्हणून मजुरांच्या टोळीच्या मुकादमास तें नांव दिलें. दक्षिणेंतील मळ्यांवर व ब्रह्मदेशांतील गिरण्यांवर हा मेस्तिरी उचल देऊन माणसें नेई, आणि ती उचल फिटेपर्यंत माणूस त्याच्या मुठींत राही. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या बंधूंना हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. जो शब्द एके ठिकाणीं हुन्नराचा मान सांगतो, तोच दुसरे ठिकाणीं मानेवरचें जूं होतो.

इंग्रजांनीं फ्रेंचांकडून घेतलेलें त्याच शब्दाचें रूप 'मास्टर'. आम्ही त्याचा मास्तर केला. शाळामास्तर, पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर हे सगळे त्याचेच वंशज. 'मिस्टर' हा मास्टरचा झिजलेला उच्चार. त्याच्या स्त्रीलिंगी रूपापासून 'मिसेस' व 'मिस' निघालीं. तेव्हां आमच्या आजीबाई ज्यांस 'मिसबाई' म्हणत, त्यांच्या नांवांतही हाच रोमी अधिकारी बसला होता. एम्. ए. च्या पदवींतील पहिलें अक्षरही तेंच. डच लोकांचें रूप 'मेस्टर'. जावा बेटांत, आतां ज्यास जाकार्ता म्हणतात त्या शहराजवळ, 'मेस्टर कोर्नेलिस' नांवाचा एक मोठा भाग होता. हा कोर्नेलिस कोणी सुभेदार नव्हता. बांदा बेटांतून आलेला, सतराव्या शतकांतील एक देशी ख्रिस्ती शाळामास्तर व उपदेशक होता. लोकांनीं मुलखालाच त्याच्या नांवानें ओळखलें. दुसऱ्या महायुद्धांत जपानी लोकांनीं तें नांव काढून टाकलें, आणि आतां त्या भागास जातिनगारा म्हणतात. आमच्या प्रचारकांस खेड्यांत लोक 'मास्तर' म्हणतात, त्यांनीं हा आपला दूरचा भाऊबंद आठवणींत ठेवण्याजोगा आहे.

मास्तर म्हणवून घेण्याविषयीं मात्र तेविसाव्या अध्यायांत मत्तयानें जें लिहून ठेविलें आहे, तें लॅटिन शास्त्रांत वाचलें म्हणजे अंगावर येतें. प्रभु आपल्या शिष्यांस 'मागिस्तेर' म्हणवून घेऊं नका असें सांगतो, आणि लगेच पुढच्या वचनांत तुमच्यांतील मोठ्यानें 'मिनिस्तेर' व्हावें असें सांगतो. चढता शब्द काढून घेतला, उतरता हातीं दिला. ग्रीक भाषेंत किंवा मराठींत ही जोडी इतकी उघड दिसत नाहीं. पुढें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत, तरवार धरणारा जो सत्ताधीश त्यास पौल देवाचा सेवक म्हणतो, तेथेंही लॅटिनांत 'मिनिस्तेर' हाच शब्द आहे. ज्यास जग मागिस्त्रातुस म्हणतें, तो देवाच्या पंगतींत वाढपी आहे.

हा भेद धर्मसुधारणेच्या काळीं पुष्कळांस महागांत पडला. ल्यूथर व काल्विन यांनीं मॅजिस्ट्रेट हा देवाचा सेवक म्हणून त्यास मान द्यावा असें शिकविलें; झ्यूरिच व जिनीवा येथें सुधारणा झाली ती नगराधिकाऱ्यांच्या साह्यानेंच झाली. त्यांत धोकाही होता, व तो लपवूं नये. पुनर्बाप्तिस्मा घेणाऱ्यांपैकीं कित्येकांस झ्यूरिचच्या अधिकाऱ्यांनीं १५२७ सालापासून पाण्यांत बुडवून मारलें, आणि सुधारकांनीं त्यास मान्यता दिली. सेवक म्हटल्यावर धनी कोण व सेवेची सीमा कोठें, हें त्या वेळीं विसरलें गेलें. उलट पक्षीं, बादशहानें जुना पंथ पुनः लादूं पाहिला तेव्हां माग्देबुर्ग शहराच्या पाळकांनीं १५५० सालीं असें जाहीर केलें कीं, वरचा अधिकारी अन्याय करील तर त्यास अडविणें हें खालच्या मॅजिस्ट्रेटाचें कर्तव्य आहे. काल्विनानेंही आपल्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायांत, राजांस आवरण्यासाठीं नेमलेल्या अधिकाऱ्यांनीं डोळे झांकून बसणें म्हणजे लोकांचा विश्वासघात होय, असें म्हटलें आहे. एकावर दुसरा, ही जुनी रोमी युक्ति येथें पुनः डोकें वर काढते.

आपल्या देशांत हा शब्द कंपनी सरकारानें आणिला. १७९३ सालीं लॉर्ड कॉर्नवॉलिस यानें बंगालांत सारावसुली एकाकडे व न्याय दुसऱ्याकडे अशी वांटणी केली. ती टिकली नाहीं. एकोणिसाव्या शतकांत कलेक्टर हाच जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट झाला : सारा तोच घेणार, पोलिसांवर देखरेख तोच करणार, आणि फौजदारी शिक्षाही त्याच्याच हाताखालचे लोक देणार. रोमी लोक दोन कॉन्सुल नेमीत. येथें तीन कामें एका खुर्चींत बसलीं. म्हातारीच्या रडण्याचें मूळ येथें आहे. तिच्या सासऱ्याच्या काळीं ती भीति खरी होती.

आतां तसें नाहीं. न्याय व कारभार वेगळे करावे असें राज्यघटनेच्या ५० व्या कलमांत सांगितलें आहे; मुंबई राज्यानें १९५१ सालीं त्यासाठीं कायदा केला, व १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें १ एप्रिल १९७४ पासून बहुतेक सर्व देशांत मॅजिस्ट्रेटांचे दोन वर्ग स्पष्ट वेगळे केले. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिनेंही ते ठेविले आहेत. एक न्यायदंडाधिकारी : तो न्यायाधीश आहे, उच्च न्यायालयाच्या देखरेखीखालीं आहे, खटला ऐकतो, व प्रथम वर्गाचा असल्यास तीन वर्षांपर्यंत कैद देऊं शकतो. दुसरा कार्यकारी दंडाधिकारी : तो सरकारी कारभारी आहे, तालुक्यांत हें काम बहुधा तहसीलदाराकडे असतें, आणि शांतता राखणें हा त्याचा मुख्य विषय.

पत्रांतील कागद या दुसऱ्याकडचा आहे. लोक त्याला 'चॅप्टर केस' म्हणतात. पूर्वीं १०७ कलम, आतां नव्या संहितेचें १२६ वें. भांडणानें गांवची शांतता मोडेल अशी खबर आल्यावर, तुम्हांकडून शांतता राखण्याचा जामीनकतबा कां घेऊं नये याचें कारण सांगा, असें त्यांत विचारलेलें असतें. कतबा एक वर्षाहून अधिक मुदतीचा घेतां येत नाहीं. ती शिक्षा नव्हे, गुन्हा शाबीत झाला असेंही नव्हे. बांध कोणाचा, हें त्या कचेरींत ठरतही नाहीं. परंतु बोलावल्या दिवशीं न गेल्यास गोष्ट वाढते. म्हणून पुण्यास गेलेल्या मुलानें परत यावें.

आणि आणखी एक गोष्ट, जी प्रत्येक वस्तींत पाठ असावी. कोणास पोलिसांनीं अटक केली तर कारण सांगितलें पाहिजे, वकिलास भेटूं दिलें पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत जवळच्या मॅजिस्ट्रेटापुढें उभें केलें पाहिजे. हें घटनेचें २२ वें कलम आहे. मारहाण झाली असेल तर ती सांगण्याची जागाही तीच. तेथें कबुलीजबाब देऊं लागल्यास, तूं बोलण्यास बांधलेला नाहींस, असें मॅजिस्ट्रेटानेंच आधीं सांगावें लागतें. वकील करण्यास पैसा नसल्यास तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्यानें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति व अनुसूचित जमाति यांस मिळकत न पाहतां फुकट वकील मिळतो. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची नोंद त्या जातींत धरली जात नाहीं, म्हणून आमच्या पुष्कळ बंधूंस मिळकतीचा दाखला जोडावा लागतो. भगिनींस त्याची गरज नाहीं.

प्रचारकबंधूंस आम्हीं असें कळविलें आहे कीं, तारखेच्या दिवशीं दोन्ही घरच्या पुरुषांस त्यांनीं स्वतः एकाच एस्. टी. नें तहसिलीस न्यावें, कागद बरोबर असूं द्यावेत, आणि परत येतांना भूमि अभिलेख कचेरींत बांधाच्या मोजणीचा अर्ज दोघांच्या सह्यांनीं द्यावा. मोजणीची फी निम्मी निम्मी.